एकाच चुलीचा धूर

नाताळच्या सकाळी अंगणात आलो, तर अख्ख्या पाड्यावर एकाही चुलीचा धूर नाही. फक्त आमच्याच चुलीचा. चर्चच्या मंडळीनं आम्हा म्हाताऱ्यांना सेवेला इथं धाडलेलं, पोरं-नातवंडं तिकडं गावी. तरी माझ्या सगुणानं सवयीनं हंडाभर भात टाकलेला.

"दोघांना एवढा? मी काही कुणाला बोलवायला जाणार नाही," मी म्हटलं.

तेवढ्यात शेजारची सोनीबाई डोक्यावर भोपळा घेऊन आली, मागं सगळा पाडा.

"बाबा, सण तुमच्या घरी, मग आम्ही चूल कशाला पेटवायची?"

"आता खा की एकटेच!" सगुणा हसली.

आपलं घर किती मोठं, हे भिंतीवरून कळत नाही, धुरावरून कळतं. मी चुलीत आणखी एक लाकूड सारलं. धूर पार शेवटच्या झोपडीपर्यंत गेला.