मामांचा सरळ पाईप

मामा गेल्याचा फोन आला तेव्हा माझी बस त्यांच्या शहराच्या तोंडाशी, तिलवाऱ्याच्या पुलावर होती. नागपूरहून त्यांच्यासाठीच संत्री आणत होतो... पिशवी मांडीवर तशीच राहिली. मामींनी ती दारातच घेतली आणि म्हणाल्या, "उशीर केला तू. सकाळपासून हे चुलीपाशी तुझी वाट पाहून राहिले होते." चुलीपाशीच पाहणार. दुसरीकडे हा माणूस बसतच नसे.

मामा खमरियाच्या दारूगोळ्याच्या फॅक्टरीत फिटर. रिटायर होऊन दीक्षितपुऱ्यात घर घेतलं आणि त्याच हिवाळ्यात मामींचा खोकला बळावला. डॉक्टरांनी चुलीचा धूर बंद केला. घरात गॅस होता, पण मामींच्या लांब रोट्या गॅसवर होत नाहीत. लाकडांवर उपडा माठ सणसणीत तापावा लागतो. मग सैल भिजवलेली कणीक दोन्ही हातांवर झुलवत कोपरापर्यंत लांबवायची आणि माठावर पांघरायची. आमच्या लोकांत लग्न असो की बारसं, बोलावणं मामींनाच. रोट्या सुटल्या आणि मामी गप्प झाल्या. भांडण नाही, टोमणा नाही. मामांना भांडणाशिवाय घास उतरेना. त्यांनी जाहीर केलं, "धूर बाहेर, बाई आत. अशी चूल मी बनवतो."

लोखंडी पत्रा कापला, ठोकला, मागून पाईप काढला. पहिल्या दिवशी पाईप सोडून सगळीकडून धूर आला. मी तेव्हा त्यांच्याकडेच राहायला होतो; डोळे चोळत अंगणात पळालो. खिडकीतून मामी बोलल्या, कित्येक दिवसांनी: "अच्छा, घरी बी बमच बनवला काय जी?" मामांचा काळवंडलेला चेहरा खुलला. ते दुप्पट जोमाने भिडले. लाकडांखाली जाळी बसवली, हवेला दार ठेवलं, बाभळीच्या फाट्या गच्चीवर वाळवल्या. जाळ वाढला, पण धूर परत घरातच. कारण पाईप दोनदा वाकवला होता आणि त्याचं तोंड शेजारच्या भिंतीखाली दडवलं होतं. वारा भिंतीवरून उतरला की धूर उलटा फिरे.

"मामा, पाईप सरळ वर न्या ना."

"अन् पांडेभाभींचे पापड? त्यांच्या गच्चीवर तिथंच वाळत असतात. काजळी पडंल त्यावर."

"काही बोलल्या का त्या?"

"बोलल्या नाही. पण आपण नवीन शेजारी. कसं विचारू?"

जन्मभर दारूगोळ्यात वावरलेला माणूस पापडांना भिऊन होता. शेवटी मामींना रात्रभर ढास लागली, तेव्हा सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून निघाले. भाषण पाठ केलेलं. मी मजा बघायला मागे. भाभींनी भाषण सुरुवातीलाच तोडलं, "भैया, पाइप सीधा करो. पापड़ तो हम सरका लेंगे. दीदी की खाँसी सुनी नहीं जाती."

संध्याकाळपर्यंत पाईप भिंतीच्या वर गेला. बुडाशी मामांनी एक झाकण ठेवलं होतं. ते उघडून आधी पिळलेला पेटता कागद आत धरला. "थंडा पाईप धूर ओढत नाही," ते मला म्हणाले. "पहिले त्याले ऊब दे." मग लाकडं पेटवली. चूल घुमायला लागली आणि धूर सरळ आभाळात. पहिली रोटी पांडेभाभींकडे गेली. तेव्हापासून रोट्या मामींच्या, पण पेटवायचा मान मामांचा. पेपर वाचून झाला की पानं पिळून चुलीशेजारच्या डब्यात भरायची, हा त्यांचा रोजचा उद्योग.

परवा त्यांचं पुण्यानुमोदन होतं, सगळे नातेवाईक जेवायला येणार होते. मामांचा मुलगा म्हणाला, "आई, जेवण बाहेरून मागवू." मामी म्हणाल्या, "त्यांच्या नावाची रोटी बाहेरची?" आणि मामांची ती चूल पहिल्यांदाच स्वतः पेटवली. घरभर धूर. खोकून खोकून त्या वाकल्या. "चलो, राहू दे आता," मुलगा म्हणाला. त्यांनी हात झटकला. डोळे पुसता पुसता त्यांचं लक्ष डब्याकडे गेलं. डबा गच्च भरलेला होता... मामांनीच भरलेला. त्यांनी वरचा एक पीळ उचलला, जरा वेळ हातातच धरला, मग पेटवून झाकणातून आत घातला.

"ओढा जी," मामी म्हणाल्या.

पाईप घुमला. गच्चीवर पांडेभाभी पापड सरकवत होत्या.