दाताची राखण

आमचे बाबा रिसोडला शिंपीकाम करायचे, पण धाग्याला त्यांची कात्री कधी लागली नाही. शिवण संपली की कापड तोंडाशी न्यायचं, पुढच्या दातात धागा धरायचा आणि टच्च! तो आवाज मला फार आवडायचा. दुकानाच्या पायरीवर अभ्यासाचं सोंग करून मी त्याचीच वाट पाहत बसायची.

मी चौथीत होते तेव्हा तो दात हलायला लागला. वऱ्हाड नुकतंच मुंबई राज्यात गेलं होतं, आणि दाताचा एक्स-रे काढायचा तर अकोला गाठावं लागे. बाबांनी मलाही सोबत नेलं. डॉक्टरांनी बोटाच्या पेराएवढी फिल्म खिडकीच्या उजेडात धरली आणि माझ्या कंपासपेटीत होतं तसल्याच कर्कटकानं मोजलं, दाताचं मूळ केवढं आणि त्याला धरून असलेलं जबड्याचं हाड केवढं.

"हाड निम्म्यावर आलंय. दातानं धागा तोडणं आजपासून बंद. वर्षानं परत मोजू. आणखी उतरलं असलं तर दात काढावा लागेल."

दुसऱ्याच्या मापावर शिंप्याचा विश्वास कुठला! बाबांनी खिशातली टेप काढून फिल्मला लावून पाहिली. काही जमलं नाही. परतताना मोटारीत मला म्हणाले, "पोरी, आता कात्री तुह्या हाती. म्या धागा तोंडाशी नेला का ओरडजो."

मी इमानेइतबारे ओरडले. अख्खी लगनसराई ओरडले. गिऱ्हाईकं बाबांना विचारायची, "लेक हाये का फौजदार?"

मग दिवाळीला माझ्या परकराची शेवटची शिवण झाली. कात्री माझ्या हातातच होती. बाबांनी सवयीनं धागा तोंडाशी नेला. कितीतरी महिने तो आवाज ऐकला नव्हता. मी रस्त्याकडे तोंड फिरवलं.

टच्च.

वर्षानं डॉक्टरांनी पुन्हा कर्कटक लावलं आणि मान हलवली. हाड आणखी उतरलं होतं. "धागा तोडलात ना?"

"एकडाव बी नाई," बाबा छाती काढून म्हणाले, "पोट्टीनं राखण केली ना!" त्यांना ते आठवतही नव्हतं. मला आठवत होतं. दात गेला. बाबा जाईपर्यंतही मी ते सांगितलं नाही.

परवा माझाच दात हलायला लागला. वाशिमच्या तरुण डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे कॉम्प्युटरवर मोठा केला, रेघा ओढून हाड मोजलं. निम्म्यावर आलेलं.

"बाई, मी तर जन्मात दातानं धागा तोडला नाही," मी म्हटलं.

त्या हसल्या. "धाग्यानं कुठं हाड उतरतं, आजी? हा हिरड्यांचा आजार. काही घरांत तो असतोच. वडिलांचे दात असेच गेले का?"

आपलं हाड झिजलं म्हणून आनंद झालेली मी पहिलीच म्हातारी असेन. मला रडू आवरेना. बाई घाबरून कुठं दुखतंय विचारत राहिल्या, आणि मला इतक्या वर्षांनी तो टच्च आवाज पुन्हा आवडला.