सुभेदार आबांचा रिपोर्ट

सुभेदार आबांच्या कॉलरला माइक लावला आणि मी म्हणालो, "आबा, आता अगदी नेहमीसारखं बोला." तिथंच माती खाल्ली. आबांनी शर्टाचं वरचं बटण लावलं, उठून सावधान उभे राहिले आणि फौजी हिंदीत रिपोर्ट द्यायला लागले. युनिट, पोस्टिंग, पेन्शन. पाऊण तास. मीही जवळजवळ सावधानच बसलो होतो.

मी बोलींचं सर्वेक्षण करतो. माणसं घरात जशी बोलतात तशी रेकॉर्ड करायची, एवढंच काम. आमच्या भागात ते सुरू केलं माझ्या मार्गदर्शक मॅडमनी. खांद्याला टेपरेकॉर्डर अडकवून एसटीनं वाड्यावस्त्या फिरणाऱ्या त्या पहिल्या. आता ऐंशीच्या पुढं आहेत. चाळीस वर्षांपूर्वी ज्यांना टेप केलं, त्यांनाच पुन्हा रेकॉर्ड करून काय बदललं ते मांडायचं, हे त्यांचं शेवटचं पुस्तक. यादीत फक्त आबा राहिले होते. आणि आबा दुसऱ्या दिवशी मुलाकडं दिल्लीला निघालेले, कायमचे.

शिराळ्याजवळच्या त्या अंगणातून मी सांगलीला मॅडमना फोन लावला.

"आबा हिंदीच बोलतायत."

"तू काय घातलंयस?"

"इस्त्रीचा शर्ट. बूट."

"म्हणजे त्याला वाटतंय, साहेब तपासणीला आलाय. बूट काढ. अंगणात काय चाललंय?"

"काकू शेंगा फोडतायत."

"मग बस फोडायला."

आबांना विचारून रेकॉर्डर सुपाशेजारी ठेवला आणि बसलो. दहाव्या शेंगेला आबाही खाली बसले.

"आवं सायेब, दानं मोडाय लागलायसा. वाटेकऱ्याला द्यायचं बियाणं हाय ते. आना हिकडं."

काकू नवऱ्याला म्हणाल्या, "तुमी तरी कवा फोडल्या? सुट्टीवर आला की नुस्ता च्या."

"गप की. लय शानी."

तिथून दीड तास. भावानं कोरलेला बांध, आटलेली म्हैस, सुनेचा स्वयंपाक. हिंदीचा एक शब्द नाही.

मॅडमनी सगळं ऐकलं. म्हणाल्या, "चाळीस वर्षांपूर्वीही आधी रिपोर्टच दिला होता त्यानं."

"मग मला सांगायचं तरी."

"त्याच्या जुन्या फाइलमध्ये लिहिलंय मी."

खरंच होतं. पेन्सिलीनं: 'माइक दिसला की सावधान. शेंगा फोडाव्यात.' फाइल तीन आठवडे माझ्याच बॅगेत होती. तेव्हापासून मी आधी फाइल वाचतो, मग शर्टाला इस्त्री करायची की नाही ते ठरवतो.

साताऱ्याला घरी येऊन बायकोला हे सगळं सांगितलं. ती शांतपणे म्हणाली, "शेंगा फोडता येतात होय तुम्हाला? पोतं मागच्या दारी आहे. मलाही बरंच बोलायचंय."