पाकिटातली चिठ्ठी

विसरवाडीच्या चौफुलीवर हिंमतरावांचं कापडाचं दुकान. गिऱ्हाईक पायरी चढतानाच कमरेचं माप सांगणारा माणूस! तोंड गोड, नजर खाली. म्हणून बाया घरच्या पुरुषांच्या चड्ड्या-बनियन न्यायला बिनधास्त त्यांच्याकडेच येत.

एका पोळ्याला चड्ड्या बनवणाऱ्या कंपनीने मोहीम काढली. दर पाकिटामागे दोन रुपये प्रोस्टेट कॅन्सरच्या रुग्णांना, आणि पाकिटात रोगाची लक्षणं सांगणारी चिठ्ठी. हिंमतरावांनी ती वाचली आणि त्यांचे कान लाल झाले. असलं काही परक्या बाईच्या हातात कसं द्यायचं? बाई आली की ते चिठ्ठी काढून गल्ल्याखाली सारत, पुरुष आला तर राहू देत. आता चड्ड्या घ्यायला पुरुष येतात किती, हे काय त्यांना ठाऊक नव्हतं?

शेजारच्या गावची दगूबाई नवऱ्यासाठी, उखासाठी, दरवेळी दोन चड्ड्या नेई. त्या पोळ्याला तिने सहा मागितल्या.

"इतल्या काबरं?"

"वल्ल्या व्हई जातीस, भाऊ. रातले चार-चार येळा उठतस," ती पदराआडून म्हणाली.

हिंमतराव समजायचं ते समजले. वय झालं, दुसरं काय, असं मनाशी म्हणत त्यांनी सहाही चिठ्ठ्या काढून घेतल्या. दिवाळीत कंपनीने त्यांना ढाल दिली : सर्वाधिक मदत जमवणारं दुकान. ती त्यांनी गल्ल्यामागे टांगली.

दीड वर्षाने, होळीच्या तोंडावर, उखा गेला. सुरतेला नेलं तेव्हा दुखणं हाडांत उतरलं होतं. फार उशीर केला, असं डॉक्टर म्हणाले. ते ऐकल्यापासून हिंमतरावांना अन्न गोड लागेना.

महिन्याभराने दगूबाई मुलासाठी, लखनसाठी, चड्ड्या न्यायला आली. यावेळी हिंमतरावांनी गल्ल्याखालची एक चिठ्ठी काढून तिच्या हातात दिली.

"माले कोठे वाचता येस? तुम्हीच वाची दखाडा."

मग त्यांना वाचावंच लागलं. लघवीची बारीक धार, रात्रीचं उठणं, कपडे ओले होणं, रक्त. लक्षणं दिसताच डॉक्टरांना दाखवा; वेळेत कळलं तर माणूस वाचतो. दगूबाईने चिठ्ठीकडे बोट केलं.

"हाई चिठ्ठी नवी शे का?"

हो म्हटलं असतं तर सुटले असते. जीभ वळली नाही.

"नही. पहिलेपाईन शे. तू बाईमाणूस, म्हणीसन मी काढी लिधी."

दगूबाईने पाकीट गल्ल्यावर ठेवलं.

"त्यासन्या चड्ड्या मीच धुयात, भाऊ. माले कसानी लाज?"