ऑइलचा तो डबा कुठं गेला

कय्यूमभाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी ट्रॅक्टरला रोटावेटर जोडत होतो. फोन त्यांच्या धाकट्या भावाचा, नईमचा. "भाई गेले जी, आज पहाटं फजरच्या नमाजाच्या वक्ताले," एवढं बोलून आणि दफन कधी आहे ते सांगून त्यानं फोन ठेवला. माणूस गेल्याचं कळल्यावर मनात पहिल्यांदा काय यावं, यावर आपला ताबा नसतो. तरी माझ्या मनात जे आलं, त्याची मला महिना उलटला तरी लाज वाटते. ज्या मिस्त्रीच्या हातावर माझं घर चाललं, तो माणूस गेला म्हणून डोळ्यांत पाणी यायच्या आधी मला वाटलं... आता त्या डब्याचं कोणाला विचारायचं?

माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच सांगून टाकतो. मी पुसदकडच्या एका तांड्यावरचा, नाव रामधन. आमचे आजे-पणजे बैलांवर माल लादून मुलूखभर फिरायचे; वाटेत कोण कधी आडवं येईल याचा नेम नसायचा, तेव्हापासून ही खोड रक्तात उतरली असावी, असं मी माझ्या बचावासाठी म्हणतो. याडी, म्हणजे माझी आई, म्हणायची की हा स्वतःच्या सावलीलाही गाव विचारेल. पण कापसाच्या त्या पडत्या वर्षांत संशय हा काही एकट्याचा दोष राहिला नव्हता. बियाण्याचं पाकीट हुबेहूब असायचं आणि आतलं बी उगवायचं नाही. औषधाची बाटली लोक उन्हात धरून बघायचे, लेबल नखानं खरवडायचे. बाजारात व्यापारी आमच्या कापसात कोपरापर्यंत हात घालून "ओला आहे" म्हणायचा आणि आम्ही त्याच्या काट्याकडे टक लावून उभे राहायचो. माझ्या शेतातला कापूस लागोपाठ दोन हंगाम हातचा गेला. तेव्हा मी जुना ट्रॅक्टर घेऊन दुसऱ्यांची शेतं नांगरायला लागलो, आणि चूल त्याच्यावर पेटायची. इंजिन बसलं असतं तर आम्हीही बसलो असतो. त्यामुळे त्या इंजिनात काय जातं, हा माझ्यासाठी जीव टांगणीला लावणारा प्रश्न होता.

कय्यूमभाईंचं टिनाचं गॅरेज पुसदला वाशीम रोडवर होतं. उंच, काटकुळा माणूस. बोलणं कमी, ऐकणं जास्त. माणसाचं नव्हे, इंजिनाचं. लांब पेचकसाचं टोक इंजिनाला टेकवून मूठ कानाला लावायचे आणि डोळे मिटून उभे राहायचे. आमचं जमलं ते यामुळे की संशयात ते माझे थोरले भाऊ शोभले असते. ऑइलचा डबा रिकामा झाला की त्याच्या बुडाला पेचकसानं भोक पाडल्याशिवाय ते तो बाजूला ठेवत नसत. भंगारवाला धड डब्यांसाठी गयावया करायचा. ते म्हणायचे, आज धड डबा दिला तर उद्या त्याच डब्यात जळकं ऑइल गाळून भरतील आणि मलाच आणून विकतील. माझ्यासमोर त्यांनी असे कितीतरी डबे भोसकले असतील. त्या आवाजाचीही मला सवय झाली होती.

एका वर्षी उन्हाळ्यात तांड्यावर एका कंपनीचा माणूस आला. शर्ट खोचलेला, हातात चकचकीत डबा. म्हणाला, हे सिंथेटिक ऑइल आहे, साध्या ऑइलच्या दुप्पट तास चालतं, इंजिन आतून धुऊन काढतं. आता कापसाच्या मुलखात येऊन कुठला शब्द बोलू नये, हे त्या बिचाऱ्याला कोणी सांगितलं नव्हतं. सिंथेटिक म्हणजे आमच्याकडे पॉलिस्टर. दर हंगामात व्यापारी भाव पाडताना हेच ऐकवायचा, की गिरण्या आता सिंथेटिक धाग्यावर चालतात, तुमच्या कापसाला कोण विचारतं. माझे वडील खाटेवर उठून बसले आणि म्हणाले, ज्यानं आपला कापूस खाल्ला तो आता ट्रॅक्टरही खायला आला का? खरं तर तोपर्यंत आमच्याच घरात याडीची साडी सिंथेटिक होती, कारण ती टिकायची आणि लवकर वाळायची. आम्ही कापूस पिकवायचो आणि पॉलिस्टर नेसायचो. पण हे वडिलांना कोण सांगणार?

मी मात्र त्या दुप्पट तासांना भुललो. ऑइल बदलायचं म्हणजे ट्रॅक्टर अर्धा दिवस उभा, आणि हंगामात अर्धा दिवस फार असतो. मी यवतमाळला जाऊन डबा आणला आणि कय्यूमभाईंपुढे ठेवला. त्यांनी तो उलटासुलटा केला, झाकणाची कडी दोनदा तपासली, सील फोडून वास घेतला, एक थेंब अंगठा आणि बोटात चोळला. मग म्हणाले,

"रामधनभाऊ, माल असली दिसते. पण तुमचं इंजिन जुनं हाय. आत जो कचरा बसला हाय न, त्या कचऱ्यानंच ते टिकून हाय. हे ऑइल तो कचरा सोडवन. मंग कुठून गळन, सांगता नाही येत."

मला वाटलं, हे साध्या ऑइलच्या बाजूनं बोलतात कारण ते त्यांच्याच गॅरेजात मिळतं. पाहा, संशय कसा असतो... तो सल्ल्यालाही सोडत नाही. मी म्हणालो, टाकाच. ते म्हणाले, बरं. मला बँकेत काम होतं, मी तासाभरानं परत आलो तोवर ट्रॅक्टर तयार होता. मी सवयीनं भोक पाडलेला डबा शोधला. बाकीचे होते, माझा नव्हता. विचारलं तर ते दुसऱ्या गाडीखाली होते, तिथूनच म्हणाले, "गेला." कुठं गेला, कोणी नेला, काही नाही.

तिसऱ्या दिवशी मी डिपस्टिक काढून पाहिली, म्हणजे ऑइल मोजायची ती पट्टी. आमच्याकडे तिला काडीच म्हणतात. काडीवर ऑइल काळंभोर. महिनाभर चाललेलं साधं ऑइलही इतकं काळं मी पाहिलं नव्हतं. माझ्या डोक्यात सगळं जुळलं. यांनी माझं ऑइल ठेवून घेतलं, जुनंच गाळून परत ओतलं, आणि डबा दिसायला नको म्हणून लपवला. त्यांची एक जुनी डिझेल जीप होती. त्या आठवड्यात ती आमच्या फाट्यावरून गेली तर मला तिचा आवाज नेहमीपेक्षा मऊ वाटला. हसू नका, मी खरंच रस्त्याच्या कडेला उभा राहून दुसऱ्याच्या जीपचा आवाज ऐकत होतो.

बाजाराच्या दिवशी गॅरेजात चार गावचे ट्रॅक्टरवाले बसलेले असताना मी सगळ्यांदेखत विचारलं, "कय्यूमभाई, माहं ऑइल कोठी हाय?" त्यांनी हात पुसले. मला वाटलं होतं ते कसम खातील, चिडतील, मला हाकलून देतील. चोर कसम खातो, हे मला माहीत होतं. पण न चिडणारा माणूस काय असतो, याचा मला अंदाज नव्हता, म्हणून त्याचाही मला संशयच आला. ते एवढंच म्हणाले, "तुमच्या इंजिनात हाय." आणि थोडं थांबून, "इस्वास नसन तं रोज सकाळी काडी पाहत जा. कमीजास्त दिसलं का मले येऊन सांगा."

त्या दिवसापासून त्यांनी मला रामधनभाऊ म्हणणं सोडलं. साहेब म्हणायला लागले. मी दुसरा मिस्त्री शोधला नाही, कारण तो हात दुसऱ्या कोणाकडे नव्हता. पण काम चालू असेतो पोलिसासारखा उभा राहायचो, आणि तेही डबा उघडताना माझ्या नाकापुढे धरून म्हणायचे, घ्या साहेब, वास घ्या. बसलेले लोक हसायचे. मीही हसायचो, पण घरी येताना ते "साहेब" माझ्या कानात खुपत राहायचं. मला ते भाऊ परत पाहिजे होतं, आणि मागायचं कसं ते कळत नव्हतं.

काडी मात्र मी रोज पाहायला लागलो. चहाच्या आधी, इंजिन थंड असताना. काढायची, पुसायची, परत घालायची, काढून उजेडात धरायची. त्यांची चोरी पकडायची होती ना. दोन पावसाळे गेले, ऑइल काळं असायचं पण खुणेवर असायचं. मग एका वर्षी, नांगरट ऐन भरात असताना, काडीवर ऑइल खुणेच्या वर चढलेलं दिसलं. कमी झालेलं समजतं, पण बंद इंजिनात ऑइल वाढतं कसं? मी तसाच मोटरसायकलवर काडी फडक्यात गुंडाळून पुसदला गेलो. मनात हेच, की यांनी काहीतरी भेसळीचं भरलं आणि ते आता फुगलं. कय्यूमभाईंनी काडी नाकाशी नेली आणि त्यांचा चेहरा बदलला. हत्यारं घेऊन ते माझ्या मागे तांड्यावर आले. पंपाचं सील गेलं होतं आणि डिझेल झिरपून खाली चेंबरमध्ये, ऑइलमध्ये, उतरत होतं. "आज नांगर धरला असता न साहेब, तं क्रँक धरली असती," ते म्हणाले. म्हणजे इंजिन जागच्या जागी जाम झालं असतं. त्यांनी सील बदललं, सगळं ऑइल काढून नवं भरलं. माझा ट्रॅक्टर दुपारी शेतात होता. त्याच वर्षी तांड्यावरच्या आणखी दोन ट्रॅक्टरांची इंजिनं खोलावी लागली, आणि ती घरं हंगामभर हात चोळत बसली.

पुढे यवतमाळला एका लग्नात पॉलिटेक्निकमध्ये शिकवणारे एक गृहस्थ भेटले. बोलता बोलता मी त्यांना ती काळ्या ऑइलची गोष्ट सांगितली, नाव न घेता. ते म्हणाले, डिझेल इंजिनात चांगलं ऑइल लवकर काळं होतं, कारण ते आतली घाण सोडवून स्वतःत घेतं. जुन्या इंजिनात पहिल्यांदाच सिंथेटिक टाकलं तर दोन दिवसांत काळं होणारच. काळं झालं नाही तर शंका घ्यायची. म्हणजे ज्या काळेपणावरून मी त्या माणसाला चार लोकांत चोर ठरवलं, तीच कदाचित त्याच्या प्रामाणिकपणाची खूण होती. माझी चूक झाली, हे मला तिथंच कळलं. तरीही मी जाऊन माफी मागितली नाही. मनाच्या कोपऱ्यात एक बारीक आवाज म्हणायचा, ऑइलचं ठीक आहे, पण मग डबा कुठं गेला?

कय्यूमभाईंची शेवटची भेट त्यांच्या आजारपणात, त्यांच्या घरी झाली. खाटेवर पडलेले, हात अगदी हलके झालेले, पण नखांत ऑइलची काळी रेघ तशीच. मी विचारायचंच ठरवून गेलो होतो. आधी माफी, मग डबा, असा क्रमही लावला होता. त्यांच्या बेगमनं चहा आणून ठेवला, आणि मी काही बोलायच्या आत तेच म्हणाले, "काडी पाहता न?" मी म्हणालो, रोज पाहतो. ते हसले. त्या हसण्याचा अर्थ मला लागला नाही. मी चहा प्यायलो, डॉक्टरांचं, पावसापाण्याचं बोललो आणि उठलो... माफीही राहिली आणि प्रश्नही राहिला.

दफनाला मी गेलो, मूठभर माती टाकली. दहा-बारा दिवसांनी गॅरेजात गेलो तर नईम एकटाच होता. मी त्याच्यासमोर सगळं ओकलो. बाजाराचा दिवस, काळं ऑइल, लग्नातले ते गृहस्थ, सगळं. म्हणालो, मी भाईंवर उगाच आळ घेतला, मला त्यांची माफी मागायची होती. आणि मग, स्वभाव जात नाही, तो डबाही विचारला. नईमनं हातातला पाना खाली ठेवला.

"भाईले मी लय खेपा म्हटलं," तो म्हणाला, "सांगून टाका न त्यायले, डबा कोठी गेला ते. कायले रोज ते बोलणं खाता? तं भाई म्हणे, नाही. सांगतलं का रामधनभाऊचा भरोसा बसन. भरोसा बसला का तो काडी पाहणं सोडन. त्याचं घर त्या इंजिनावर हाय. करू दे त्याले मह्यावर शक."

मी टिनाच्या भिंतीला हात टेकवला. त्याच्याकडे न बघताच विचारलं, मग डबा कुठं गेला होता? नईम म्हणाला, ते त्यालाही माहीत नाही. भाईंनी त्यालासुद्धा सांगितलं नाही, कारण तो मला सांगेल याचा त्यांना पक्का संशय होता.

मी रोज सकाळी काडी पाहतो. ऑइल काळं असतं, खुणेवर असतं. काल एका शेजाऱ्यानं विचारलं, एवढ्या वर्षांनी अजून कोणावर संशय घेता? मी काडी पुसली, परत घातली, आणि म्हणालो, कय्यूमभाईंवर.