नाल्यावरच्या उताराचं नाव

२०२३ साल. मी चौऱ्याहत्तर वर्षांचा. शाळा तिसरीपर्यंतच झाली, पण आमच्या शिवारातल्या कोणत्याही जागेचं नाव विचारा, मी अडायचो नाही. त्या उन्हाळ्यापर्यंत तरी मला तसंच वाटत होतं.

यवतमाळहून एक पोरगी आली होती. गावाच्या नकाशावर टेकड्या, नाले, पायवाटा यांची लोकांच्या तोंडची नावं लिहायचं तिचं काम. ग्रामपंचायतीच्या ओसरीत टेबल मांडून बसली. सरपंचानं मला बोलावणं धाडलं, तेव्हा मी चपला घालून तयारच होतो.

भुतबर्डी सांगितली, वाघखोरा सांगितला. जोडआंबा सांगितला; तिथं आता एकही आंबा नाही, तरी नाव आहे. ती लिहीत गेली. मग नाल्यावरचा उतार आला.

"इथं माह्या बापाचं नाव लिही. खडक फोडून गाडीवाट त्यानंच पाडली."

"आजोबा, हे नाव अजून कोणीच सांगितलं नाही. दोघांनी सांगितलं तरच मी लिहिते."

"मंग विचार ना! कोणालेही विचार!"

कोलामांच्या पोडावरची, म्हणजे टेकडीकडच्या त्यांच्या वस्तीतली, एक म्हातारी राशनचे तांदूळ घेऊन पायरीशी टेकली होती. पोरीनं तिलाच विचारलं.

"बाजेचा उतार," म्हातारी म्हणाली.

मी हसलो. "काहून वं, तिथं बाज टाकून झोपता काय तुमी?"

समोरच्या हापशीवर पाणी भरणाऱ्या बायांपैकी कोणी हसलं नाही. म्हातारीनं पदर सावरला.

"पोयाचा दिवस होता, मालक. माही भावजय अडली होती. मी तुमच्या दारात गाडी मागाले आलती. तुमी बैलाच्या शिंगाले बेगड लावून राह्यले होते. म्हणले, आज बैल जुपत नाही."

"रीतच हाय ते. पोयाले बैलाच्या मानेवर जू ठेवत नाही."

"हाय ना. म्हणून तं कोणी तुमाले बोललं नाही. आमी तिले बाजेवर उचलून दवाखान्याकडे नेली. नाल्याले कमरेइतकं पाणी. गाडी निंघाली असती, बाज निंघेना. उतारावर टेकवली, पाणी उतरायची वाट पाह्यली. पाणी उतरलं तवा ती गेली होती. लेकरू पोटातच."

मला ते बेगड आठवलं. लाल अन् हिरवं. त्या वर्षी तोरणाखाली पहिला मान माझ्या जोडीला मिळाला होता, तेही आठवलं. बाई काही आठवली नाही. तोंड नाही, आवाज नाही.

"आजोबा, काय लिहू?"

"उद्या सांगतो."

घरी बायको तुरीची डाळ निवडत बसली होती. उभ्या उभ्याच विचारलं, "त्या उताराले तू काय म्हणतं?"

तिनं वर पाहिलं नाही. "बाजेचा उतार."

"पन्नास वर्षं माह्या घरात राहून?"

"सारा गाव म्हणते. तुमच्यासमोर नाही म्हणत, बस."

म्हणजे मी तिथून बापाचं नाव मिरवत गाडी हाकायचो, अन् मागं धुणं धुणाऱ्या बाया वेगळंच नाव घ्यायच्या. एकानंही तोंडावर सांगितलं नाही. का सांगितलं नाही, हे मला विचारवेना. ताटात वाढलेली भाकर तशीच राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ग्रामपंचायतीचं कुलूप उघडायच्या आधीच जाऊन बसलो. पोरगी आली. म्हटलं, "बापाचं नाव राहू दे. बाजेचा उतार लिही."

"आणि नाव कोणी सांगितलं म्हणून लिहू?"

"पहिलं त्या पोडावरच्या बाईचं लिही. दुसरं माहं."

तिनं लिहिलं अन् कागद माझ्याकडे फिरवला. सहीला मला वेळ लागतो. एकेक अक्षर काढून मी सही केली.