साखरपुड्यातली मावशी

माझी मुलगी प्राजक्ता तिच्या साखरपुड्याच्या दिवशी अर्धा तास नवऱ्या मुलाची मावशी होती. हे मी एकट्याने घडवून आणलं होतं. सरकारी नोंदी तपासून, आणि भल्यामोठ्या रंगीत फ्लेक्सवर छापून!

तसा मी निरुपद्रवी माणूस आहे (बायकोला विचारायला जाऊ नका). चाकणला गाड्यांचे ब्रेक बनवणाऱ्या कंपनीत क्वालिटीला आहे. एखादा ब्रेक परत आला, की तो कुठल्या शिफ्टला, कुठल्या मशीनवर बनला आणि त्याचं लोखंड कुठून आलं, हे आम्ही शोधून काढतो. एका नंबरचा एकच माल, दुसरा असूच शकत नाही. इतकी वर्षं हेच काम केल्यामुळे जगातल्या कुठल्याही गोष्टीचं मूळ आपण शोधू शकतो, असा माझा समज झाला होता.

त्या समजाला काडी लावली व्याह्यांनी. लग्न ठरवायची बैठक सांगवीला त्यांच्या घरी होती. चहा आला आणि व्याही आपल्या घराण्याची नावं सांगायला लागले. बाप, आजा, पणजा, खापरपणजा... पोरानं पाढे म्हणावेत तसे न अडखळता सात पिढ्या मागे गेले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "आणि तुमचं, कदमसाहेब?"

"वडील बाबुराव. आजोबा गणपत."

"आणि त्यांच्या मागे?"

त्यांच्या मागे मी चहाचा घोट घेतला. फार मोठा घेतला. जीभ पोळली, पण नाव काही आलं नाही.

त्या बैठकीत आणखी एक गोष्ट झाली, ती नीट ध्यानात ठेवा. विहीणबाईंचं माहेरही कदमांचंच. आमचं गाव भामा नदीच्या अलीकडे, त्यांचं माहेर पलीकडे. त्यामुळे सगळ्यात आधी देवक विचारलं गेलं. एक देवक म्हणजे भावकी, आणि भावकीत सोयरीक होत नाही. विहीणबाईंचे भाऊ, म्हणजे मुलाचे मामा, खास त्यासाठी आले होते. देवकं निराळी निघाली. "कदम वेगळे, प्रश्न मिटला," असं म्हणून मामांनी स्वतः पहिला पेढा खाल्ला.

प्रश्न मिटला होता! पण मला रात्रभर त्या सात पिढ्या दिसत राहिल्या. सकाळी मी बायकोला जाहीर केलं, "साखरपुड्याला आपली वंशावळ लावायची. पुराव्यासकट."

"साखरपुड्याला अंगठी लागते," सुनंदा म्हणाली. "ती आणलीत का?"

मी आधी गाडी काढून सोनाआत्याकडे गेलो. सोनाआत्या म्हणजे गणपत आजोबांची धाकटी लेक, माझ्या वडिलांची बहीण. चाकणच्या पुढच्या एका खेड्यात राहते, ऐंशीच्या पुढे असेल, आणि अजून स्वतः भाकऱ्या थापते. मी वही काढून विचारलं, "आत्या, आजोबांच्या वडिलांचं नाव काय?"

"सांगते की. बस. आमच्या घरी एक म्हैस व्हती..."

म्हशीला रेडकू झालं, रेडकू ओढ्यात गेलं, त्याच्यामागे कोणीतरी धावलं. मी घड्याळाकडे पाहिलं. सेकंड शिफ्ट होती.

"आत्या, एखादा जुना कागद आहे का?"

"कागद कशापायी? म्या हाय की."

"तोंडी चालत नाही गं. आमच्या कंपनीत तोंडी सांगितलेलं माप धरत नाहीत."

"मंग जा तुज्या कंपनीत," असं म्हणून आत्याने मला वाटाण्याच्या नव्हे, खऱ्याखुऱ्या तांदळाच्या अक्षता आणि एक नारळ देऊन वाटेला लावलं.

मग तहसील कचेरीची रेकॉर्ड रूम. तिथे जुन्या जन्म-मृत्यूच्या नोंदी कापडी रुमालात बांधून ठेवलेल्या असतात. हल्ली गर्दी बघावी तर दवाखान्यासारखी! सगळा तालुका आपापले पणजोबा शोधतोय. तिथल्या भाऊसाहेबांनी आमच्या गावचा रुमाल सोडला आणि आतून वाळवीने चाळणी केलेले कागद निघाले. आमचं अख्खं घराणं वाळवीने खाल्लं होतं.

दुसरा माणूस घरी गेला असता. मी शेजारच्या गावचा रुमाल मागितला. चौथ्या फेरीला (शिफ्ट बदलून, सुट्ट्या जाळून) मला तो सापडला! गणपत वल्द रामजी कदम, म्हणजे रामजीचा मुलगा गणपत. मृत्यूचं कारण: विहिरीत पडून. आजोबा माझ्या जन्माआधीच गेले होते, कसे ते घरात कोणी कधी बोललं नव्हतं. मी जागच्या जागी हात जोडले.

"साहेब," भाऊसाहेब म्हणाले, "हे नदीपलीकडचं गाव आहे. तुमचं अलीकडचं ना?"

"आमचे लोक आधी तिकडे असणार. नंतर अलीकडे आले असतील."

"पण गणपत नावाची माणसं भरपूर असतात हो."

"रक्त ओळखतं, भाऊसाहेब," मी म्हणालो. अजूनही ते वाक्य आठवलं की मी एकटा असलो तरी कान लाल होतात.

एकदा गणपत सापडल्यावर काय, रामजी सापडला, रामजीचा बाप सापडला, त्याचाही बाप सापडला, असा मागे मागेच गेलो. आठ पिढ्या! व्याह्यांपेक्षा एक जास्त. चिंचवडातल्या फ्लेक्सवाल्याकडे गेलो. त्याचा रोजचा धंदा भाऊ-दादांच्या वाढदिवसांचा. त्याने वडाचं झाड टाकलं, फांदीफांदीवर लेकींसकट नावं टाकली, जन्म-मृत्यूची सालं आणि मृत्यूची कारणंही टाकली आणि म्हणाला, "कोपऱ्यात वाघ टाकू का, काका? आमच्याकडे सगळ्यांना असतो." टाकला. खाली मोठ्या अक्षरात: 'संशोधन व मांडणी', आणि माझं नाव. मी तो फ्लेक्स घरी आणून तीनदा तपासला. सगळ्या वेलांट्या बरोबर होत्या.

साखरपुडा चिंचवडच्या एका कार्यालयात होता. स्टेजच्या शेजारीच मी फ्लेक्स लावला. पाहुणे आले, वडाखाली उभे राहून फोटो काढायला लागले. माझी छाती शर्टाच्या बटणांना जड होत चालली होती. सोनाआत्या पहिल्या रांगेत खुर्चीवर बसून पेढे खात होती. तिला वाचता येत नाही, पण वाघ आवडला होता.

मुलीची ओटी भरून झाली. आता अंगठ्या घालायच्या, एवढ्यात विहीणबाई ओटीचं ताट घेऊन फ्लेक्ससमोर थांबल्या. ताट तसंच हातात. मग त्यांनी हाक मारली, "दादा, जरा इकडे ये."

मामा आले. वाचलं. चष्मा पुसून पुन्हा वाचलं.

"गणपत रामजी... विहिरीत पडून... अहो कदमसाहेब, हे आमचे पणजोबा आहेत!"

"वा!" मी म्हणालो. (हो, 'वा' म्हणालो. मला वाटलं, संशोधनाला दाद मिळतेय.)

"वा काय, राव? तुमच्या मुलीचे पणजोबा कोण?"

"गणपत रा..." आणि मग माझ्या डोक्यात उजेड पडला.

मामांनी सगळ्या कार्यालयाला ऐकू जाईल असं गणित मांडलं. "माझ्या बहिणीचा पणजोबा गणपत. नवरीचाही पणजोबा तोच. म्हणजे या दोघी चुलत बहिणी. आणि आईची बहीण ती मुलाची कोण?"

मागच्या रांगेतून एक बाई उत्साहाने म्हणाली, "मावशी!"

स्टेजवर रोहित, म्हणजे नवरा मुलगा, अंगठी धरून उभा होता. त्याने अंगठी हळूच खिशात ठेवली. प्राजक्ताने माझ्याकडे पाहिलं. ती चिडली असती तर चाललं असतं. तिचे डोळे भरले होते. दोन वर्षं ती आणि रोहित एकाच कंपनीच्या बसने हिंजवडीला जात होते, घरी सांगायला धीर गोळा करत होते, आणि सगळं जमल्यावर बापानेच वडाच्या झाडावर टांगलं. विनोदी लिहितोय खरं, पण त्या क्षणी मला खरोखर रडू येत होतं.

"देवक वेगळं सांगितलंत," मामांचा आवाज चढला, "आणि पणजोबा एक निघतो! हे लपवलंत का?"

"नाही हो, हे चुकीचं असेल..."

"चुकीचं कसं? खाली तुमचंच नाव आहे की, संशोधन व मांडणी!"

व्याही म्हणाले, आजचा कार्यक्रम थांबवू. कोणीतरी जेवण तरी वाढा म्हणालं. सुनंदा माझ्याकडे पाहत नव्हती; तिने रागाने पाहण्यापेक्षा हे वाईट असतं.

तेवढ्यात रोहित स्टेजवरून उतरला आणि फ्लेक्सच्या अगदी जवळ जाऊन सालं वाचायला लागला. पोरगं बुडताना काडी शोधत होतं. आणि त्याला ओंडका सापडला.

"मामा, यात गडबड आहे. हे गणपत वारले त्या सालानंतर नऊ वर्षांनी सोनाआजींचा जन्म झालाय."

सगळ्यांच्या माना सोनाआत्याकडे वळल्या. कारण याचा जो दुसरा अर्थ निघत होता, तो मावशीपेक्षा भारी होता! माझ्या आजीच्या अब्रूचा प्रश्न, तोही वाघाच्या साक्षीने, रंगीत छपाईत.

"जन्मसाल आधार कार्डावरून घेतलंय," मी पुटपुटलो. "त्यात एखादं वर्ष इकडेतिकडे..."

"नऊ?" सुनंदा म्हणाली.

"काय गं झालंय?" आत्याने पेढा खाली ठेवला. "समदी मयताला आल्यावानी का हुबी ऱ्हायल्यात? मला कुनी सांगल का न्हाई?"

कोणी पुढे होईना. शेवटी सुनंदाच तिच्यापाशी बसली. "आत्या, ह्यांनी लिहिलंय, तुमच्या वडिलांच्या वडिलांचं नाव रामजी. आणि तुमचे वडील तुमच्या जन्माच्या आधीच विहिरीत पडून वारले."

आत्या उठली. तिला उठताना दोन माणसं लागतात. त्या दिवशी एकही लागलं नाही.

"कोन पडलं हिरीत? माजा बाप? आरं मुडद्या, मंग माजं कन्यादान काय त्याच्या भुतानं केलं व्हय? लग्नात आमटीत मीठ कमी पडलं म्हनून आचाऱ्याला मांडवभर पळवला व्हता त्यानं! आन् रामजी कोन रं? आमचा आजा शिवराम. तुला सांगाया बसले व्हते, तर तू शिफ्टला पळालास!"

"पण आत्या, तू तर म्हशीचं सांगत होतीस..."

"त्या म्हशीच्याच मागं धावला व्हता शिवराम!"

मग ती मामांकडे वळली. "तुमचा पनजा हिरीत गेला, तवा किती वर्साचा व्हता?"

"ऐन तिशीतला," मामा म्हणाले. "आजोबा तेव्हा पाळण्यात होते."

"आमचा गणपत म्हातारा होऊन, नातवंडं बगून, हातरुनात गेला. त्यो येगळा, ह्यो येगळा. देवक येगळं, मधी नदी. झालं समाधान?"

मामांनी रुमालाने कपाळ पुसलं. "राव, घाम फोडलात की!" आणि ते इतके जोरात हसले, की त्यांच्यामागोमाग सगळं कार्यालय हसलं. विहीणबाईंनी ताट खाली ठेवून प्राजक्ताला जवळ घेतलं. "बहीण नको गं बाई मला," त्या म्हणाल्या, "मला सूनच पाहिजे." प्राजक्ता रडत रडत हसली. मी स्टेजच्या पायरीवरच बसलो. रोहितने खिशातून अंगठी काढली ती थेट तिच्या बोटात; गुरुजी मंत्र शोधत राहिले. आत्याला आशीर्वादाचा पहिला मान मिळाला आणि दुसरी पेढ्यांची ताटलीही.

आता लग्न होऊन वर्ष झालंय. जावईबापू आमच्याकडे फोन करतात, तेव्हा अजून "मावशी आली आहे का तिकडे?" असंच विचारतात. घरात मी काहीही ठामपणे बोललो, अगदी आज मंगळवार आहे म्हणालो, तरी सुनंदा विचारते, "आत्यांना विचारलंत का?" दर महिन्याला मी आत्याकडे जाऊन बसतो. म्हशीपासून सुरुवात होते आणि मी घड्याळ घरी ठेवून जातो.

फ्लेक्स मात्र दणकट निघाला. गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीवर बांधलाय, थेंबभर पाणी आत जात नाही. सुनंदाने बांधताना वाघ वर घेतला आणि 'संशोधन व मांडणी' टाकीच्या बाजूला, आत दुमडून टाकलं. आमच्या कंपनीच्या भाषेत सांगायचं तर कापड ओके, रंग ओके, वाघही ओके. रिजेक्ट झाला तो फक्त इन्स्पेक्टर!